आपल्या देशातलं काय आवडतं आणि काय खटकतं? मनापासून सांगा

कृष्णाकाठची_लेक

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, नर्सिंगचं शिक्षण आणि पहिली सात वर्षं नोकरी मिरजेत, आता दीड वर्ष झालं जर्मनीत श्टुटगार्टजवळ एका हॉस्पिटलात आहे. इथं येण्यासाठी बी-टूपर्यंत जर्मन शिकावं लागतं, तेव्हा बोलण्याच्या सरावाला हा प्रश्न हमखास असायचा, तुमच्या देशातलं काय आवडतं आणि काय आवडत नाही. त्याचं उत्तर पाठच होतं. सण, जेवण, कुटुंब आवडतं, गर्दी आणि कचरा आवडत नाही. पास झाले, विषय संपला.

परवा नाइटला चहा घेताना तोच प्रश्न निघाला. फिलिपिन्सची एक आहे आमच्यात, ती म्हणाली आमच्याकडं वादळ आलं की अख्खी गल्ली एका घरात जमते, पण त्याच गल्लीतल्या घराघरातलं कोण ना कोण पोटासाठी बाहेरदेशी गेलेलं असतं. इथली जर्मन बाई म्हणाली मला रविवार आवडतो, दुकानं बंद, सगळं शांत, पण समोरच्या दारातल्या म्हातारीचं आडनाव मला फक्त बेलवर लिहिलंय म्हणून माहितीय, दहा वर्षांत बोलणं असं कधी झालं नाही. मग माझ्याकडं बघायला लागले सगळे आणि मला काही सुचेचना, म्हणजे सुचत नव्हतं असं नाही, सगळं एकदमच वर आलं.

इथं ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की रस्त्यावरच्या गाड्या दोन्ही कडांना सरकतात आणि मधून सरळ वाट होते. कायदाच आहे तसा, नाही दिली वाट तर दंड. पहिल्यांदा बघितलं तेव्हा बसमध्ये मला रडू आलं. कारण २०२१ चा जुलै आठवला, पुराचे दिवस, बाकीचे रस्ते पाण्याखाली आणि सगळी सांगली मिरज रोडवर आलेली. आम्ही ॲम्ब्युलन्समध्ये, आत अडलेली बाई, बाळाचे ठोके कमी होत चाललेले, सायरन चालू आणि गाडी जागची हलत नव्हती. कुणाला वाट द्यायची नव्हती असं नाही, पण कसं सरकायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं, त्यात जो तो पुढं घुसायला बघत होता. तेवढ्यात एक पोरगा, असेल वीसएक वर्षांचा, त्यानं बाइक कडेला लावली आणि भर पावसात आमच्या पुढं चालायला लागला. काचा वाजवत, हात जोडत, एका टेम्पोवाल्याला तर खाली उतरवून. निम्मा रस्ता तो चालत होता आमच्यापुढं. आई आणि बाळ दोन्ही वाचली. त्याचं नाव विचारायचं राहिलं माझ्याकडून, त्याची आजही रुखरुख आहे.

आता मला सांगा, माझ्या देशातलं काय आवडत नाही म्हणू आणि काय आवडतं म्हणू? दोन्ही त्या एकाच रस्त्यावर होती. तुम्ही काय उत्तर दिलं असतं? पाठ केलेलं नको, तुमच्या अंगावरचं सांगा.

(आई सांगलीत एकटीच असते, पाऊस सुरू झालाय, म्हणून सध्या सगळा जीव तिकडंच आहे.)


हरिपूर_रोड

ताई तुमचा तो पोरगा वाचून अंगावर काटा आला. मी २०१९ चं सांगतो.

ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलतं पाणी. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीतल्या शेंबड्या पोराला पण पाठ असतंय, पण ५७ म्हणजे काय असतंय ते बघितल्याशिवाय कळत नाही. आम्ही २००५ च्या पुराची खूण धरून सामान माळ्यावर टाकलं आणि पाणी माळ्यापर्यंत आलं. बायको, दोन पोरं, वडील असे पाच जण शेजाऱ्यांच्या गच्चीवर दोन रात्री. ब्रह्मनाळला बोट उलटली ती बातमी आम्ही गच्चीवरच ऐकली, त्यानंतर बोट आली तरी वडील बसायला तयार होईनात.

पाणी उतरल्यावर घरात गेलो तर घोट्यापर्यंत गाळ, फ्रिज आडवा पडलेला, पोरांच्या वह्यांचा लगदा झालेला. आणि त्याच दिवशी दुपारी एक टेम्पो आला, गाव कुठलं तर तिकडं माणमधलं, म्हणजे ज्यांना स्वतःला प्यायला पाणी नसतंय त्या भागातलं. खोरी, फावडी, प्रेशरचा पंप, सगळं स्वतःचं घेऊन आलेली पोरं. भाकरीची चवड फडक्यात बांधलेली, प्रत्येक दोन भाकरीत खर्डा घातलेला आणि वर एक चिठ्ठी, "पोटभर खावा". कुठल्या बाईनं लिहिली काय माहीत, अक्षर लहान पोरीसारखं होतं. ती चिठ्ठी मी देव्हाऱ्यात ठेवली आहे. तीन दिवस त्या पोरांनी आमची गल्ली धुतली, जात विचारली नाही, पक्ष विचारला नाही, चहासुद्धा स्वतःचा करून प्याली.

आता दुसरी बाजू. पंचनामा झाला, यादी लागली, आमचं नाव नाही. शेजारच्याचं हाय, ज्याच्या घरात पाणीच शिरलं नाही अशा एकाचं पण हाय, आमचं नाही. चार खेपा घातल्या, प्रत्येक वेळी साहेब मीटिंगला, कागद वर पाठवलाय, उद्या या. पाचव्या वेळी मेव्हण्याच्या ओळखीचा एक जण बरोबर आला आणि त्याच टेबलावर त्याच माणसानं दहा मिनिटात काम केलं, वर चहा सांगितला. मला पैसे मिळाले पण त्या दिवशी जेवढं वाईट वाटलं तेवढं घर बुडताना नव्हतं वाटलं. माझ्यामागं लायनीत एक म्हातारी होती, तिला कोण मेव्हणा?

मला देशातलं काय आवडतं तर अनोळखी माणसानं दिलेली भाकरी. काय खटकतं तर ओळखीशिवाय न हलणारा कागद.


सह्याद्री_वारा

परदेशात बसून देशाचं काय आवडत नाही हे विचारणं सोपं असतं ताई. तिथं जाऊन तिथला टॅक्स भरायचा आणि नावं आपल्याला ठेवायची. घरातलं चारचौघांत काढू नये एवढंच माझं मत. राग मानू नका.


कृष्णाकाठची_लेक

राग नाही दादा. पण चारचौघं कुठं आहेत, इथं सगळे आपलेच आहेत की. बाहेरच्यांपुढं तर माझ्या तोंडून काहीच निघालं नाही म्हणून तर घरच्यांना विचारायला आले. आणि आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही, इथलं घेतलं की आपलं जातं. मैत्रिणी विचारतात घेणार का, तेव्हा पोटात गोळा येतो माझ्या. पासपोर्ट निळाच ठेवायचाय मला. म्हणून खटकतं ते पण मोठ्यानं बोलावंसं वाटतं, परक्याच्या घराचं छत गळलं तर आपण काय बोलत नाही.


गलाईवाला_विटेकर

आमचं गाव खानापूर तालुक्यात, विट्यापासनं जवळ. मी गेली २६ वर्षं तमिळनाडूत तिरुचीला आहे, गलाईचं काम. ज्यांना म्हाईत न्हाई त्यांच्यासाठी, जुने दागिने, सोनाराच्या दुकानातला कचरा हे मुशीत घालून भट्टीत वितळवायचं, ॲसिडमधनं काढून शुद्ध सोनं येगळं करायचं. आमच्या खानापूर, आटपाडी भागातली माणसं देशातल्या कुठल्या पण सराफ कट्ट्यावर सापडतील तुम्हाला, पार काश्मीरपासनं केरळपर्यंत. का गेली? पाऊस न्हाई म्हणून गेली.

मी सोळा वर्षांचा असताना चुलत्याबरोबर निघालो. कपड्यांची एक पिशवी आणि आईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू. तमिळ एक शब्द येत नव्हता. मला आजपर्यंत या देशातलं जे सगळ्यात आवडलं ते हेच, की दुष्काळी गावातलं एक पोरगं रेल्वेत बसलं आणि जिथं भाषा येगळी, लिपी येगळी, भात खायची पद्धत येगळी तिथं जाऊन राहिलं आणि कुणी व्हिसा विचारला न्हाई. पहिल्या वर्षी मला कावीळ झाली, चुलता गावी गेलता, तेव्हा घरमालकीण अम्मानं पंधरा दिवस मऊ भात आणि ताक दिलं. मला तिचं बोलणं कळत नव्हतं, तिला माझं. आता माझी पोरं घरात मराठी आणि दारात तमिळ बोलत्यात, थोरलीला तर दहावीला तमिळमध्ये वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. दसऱ्याला विट्याची पालखीची शर्यत असती त्याला आम्ही न चुकता येतो, पोरं पालखीबरोबर पळत्यात आणि परत जाताना गावाकडची माती डबीत घेऊन जात्यात.

खटकतं ते सांगतो, हे पहिल्यांदाच लिहितोय. आमच्या धंद्यात कुणी चोरीचा माल विकला आणि चोर सापडला की तो बोट आमच्याकडं करतोय. मग एक दिवस गाडी येती, गाव कुठलं, राज्य कुठलं काय सांगत न्हाईत, माणूस उचलून नेत्यात. २०२४ पर्यंत कलम ४११ म्हणायचे, चोरीचा माल घेतला म्हणून. माझ्या बाबतीत झालंय हे. मी तो माल बघितला पण नव्हता. तीन दिवस बसवून ठिवलं, बायकोला पत्ता न्हाई मी कुठं हाय ते. शेवटी जेवढं सोनं सांगितलं तेवढं भरून दिलं तेव्हा सोडलं, पावती न्हाई काय न्हाई. कोर्टात का गेला न्हाई म्हणून विचारत्यात लोक. कोर्टात गेलो तर दुकान कुणी चालवायचं, आणि तारीख किती वर्षं चालल?

त्या तीन दिवसांत रोज डबा कुणी आणून दिला तर शेजारच्या तमिळ सोनारानं. मराठी मंडळाची माणसं पण आली नंतर, पण पहिला तो आला.


वाई_रस्ता_अंगणवाडी

सगळ्यांचं वाचतेय. मी सातारा जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे, २३ वर्षं झाली. परदेश सोडा, मी पुण्याच्या पलीकडं पण फारशी गेलेली नाही, त्यामुळं तुलना करता येणार नाही, पण आवडतं आणि खटकतं हे दोन्ही मला एका नावात सांगता येईल. नकोशी.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. घरात दोन-तीन मुली झाल्या आणि परत मुलगी झाली की तिचं नाव नकोशी किंवा नकुसा ठेवायचे, म्हणजे पुढचा मुलगा होतो अशी समजूत. हे काही शंभर वर्षांपूर्वीचं नाही. माझ्याच वाडीतल्या एका मुलीचं होतं. हजेरी घेताना मला ते नाव उच्चारवत नव्हतं, मी तिला बाळ म्हणायचे. आणि ती पोरगी इतकी शहाणी, खाऊ वाटायला लावला तर सगळ्यांना देऊन झाल्यावर स्वतःला घ्यायची, उरला तर.

२०११ मध्ये जिल्ह्यात आम्हा सगळ्यांना यादी करायला सांगितली. घरोघर फिरलो. ऑक्टोबरच्या २२ तारखेला साताऱ्यात मोठा कार्यक्रम झाला आणि २८५ मुलींची नावं बदलली. आमची ती पण होती, तेव्हा ती चौथीत होती. तिला विचारलं तुला काय नाव पाहिजे, तर तिनं आधीच ठरवून ठेवलेलं होतं, तिच्या शाळेतल्या बाईंचं. सर्टिफिकेट हातात घेतल्यावर ते तिनं दप्तरात नाही ठेवलं, छातीशी धरून एसटीत बसली, खिडकीतून वारा येतोय म्हणून दोन्ही हातांनी दाबून. त्यानंतर शाळेचा दाखला, रेशन कार्ड सगळीकडं नाव बदलायला सगळे मागं लागले, त्यात कारकून पण होते, वरचे साहेब पण होते आणि आम्ही पण होतो, आणि त्या वेळी कुणाची ओळख लागली नाही की कुणाला चहा पाजावा लागला नाही. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. हरिपूर रोडवाल्या दादांना हे मुद्दाम सांगते.

खटकतं काय, तर गर्भलिंग निदानाचा कायदा १९९४ चा आहे आणि मला अजून गरोदर बायांच्या घरी गेल्यावर सासूच्या चेहऱ्यावरून कळतं कुठं जाऊन आले असतील. कुणी बोलत नाही. मी पण सगळ्यांची नावं सांगू शकत नाही, त्याच गावात राहायचंय मला. ज्या जिल्ह्यात सावित्रीबाईंचं नायगाव आहे त्याच जिल्ह्यात नकोशा होत्या हे मला आजही सहन होत नाही.

तिची आजी मरेपर्यंत तिला नकू म्हणूनच हाक मारायची. ती ओ द्यायची नाही. आता ती नोकरीला आहे, दिवाळीत येते भेटायला.


उमदीचा_पावना

मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातला, पूर्व भाग, कर्नाटक बॉर्डर. आई घरात कन्नड बोलते, वडील मराठी, आजी दोन्ही मिसळून, आम्हाला लहानपणी वाटायचं ही एकच भाषा आहे. हे आवडतं मला आपल्या देशातलं. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला नवल वाटतं की एका चुलीपुढं दोन भाषा कशा काय.

खटकतं ते पाण्याचं. आमच्याकडं टँकर आला की पाणी आधी विहिरीत सोडायचे आणि मग आम्ही सगळ्यांनी पोहऱ्यानं ते शेंदायचं. शाळेतून आलो की तेच काम. तळाचं पाणी गढूळ यायचं म्हणून आई पदर चौपदरी करून गाळायची. २०१२ च्या दुष्काळात आमच्याकडच्या गावांनी ठराव केले की पाणी देत नसाल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या. लोकांना वाटतं तो भाषेचा विषय होता. अजिबात नाही. दहा वर्षांनी तिकडच्या मुख्यमंत्र्यांनी ते परत काढलं तेव्हा मात्र टीव्हीवाल्या गाड्या लागल्या गावात, म्हैसाळच्या पाणी उपसा योजनेच्या वाढीव कामाला पण तेव्हाच जोर आला.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेतून लातूरला रेल्वेनं पाणी पाठवलं, आठवतंय का? पहिल्या गाडीला १० टँकर होते, ५ लाख लिटर. मी तेव्हा मिरजेत शिकत होतो, मुद्दाम स्टेशनात जाऊन बघितलं. लोक टाळ्या वाजवत होते, मी पण वाजवल्या, मनापासून, कारण तहानलेल्याला पाणी चाललंय यापेक्षा चांगलं काय असतं. आणि त्याच दिवशी रात्री आईला फोन केला तर ती म्हणाली चार दिवस झाले टँकर नाही. एकाच जिल्ह्यातलं आहे हे दोन्ही. लातूरच्या लोकांबद्दल माझ्या मनात तेव्हा पण काही नव्हतं आणि आज पण नाही, त्यांना मिळालं ते बरोबरच झालं. आमच्याकडं रेल्वे नाही आणि कॅमेरा नाही म्हणून राहिलं एवढंच मला सलतं.


कडेगाव_तालुका

थोडक्यात लिहितो. आमच्या शेजारी मोहित्यांचं वडगाव, तिथं २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि टीव्ही, मोबाइल बंद, साडेआठला परत वाजला की चालू. पोरं अभ्यासाला बसतात. कुठल्या सरकारनं सांगितलं नव्हतं, गावानंच ठरवलं. माझी मामेबहीण तिथं आहे, तिची दोन्ही मुलं त्या दीड तासात वाचायला लागली. आणि कडेगावचे मोहरमचे ताबूत बघायला या एकदा कुणीतरी, उचलायला सगळ्या जातीधर्माचे खांदे असतात.

खटकतं ते मिरवणुकीतला डॉल्बी. माझे वडील हार्ट पेशंट आहेत, विसर्जनाच्या दिवशी त्यांना दुसऱ्या गावी नेऊन ठेवावं लागतं. गणपती घरी येतो आणि वडिलांना घराबाहेर काढायचं, हे दरवर्षी मनाला लागतं.


तंबोरा_मिरज

वरच्या ताबुताच्या पोस्टवरून लिहावंसं वाटलं. आमचं मिरजेत तंतुवाद्यांचं काम, पिढ्यानपिढ्या. पंढरपूरकडून भोपळा येतो, त्याचा तंबोरा होतो, आणि सगळ्यात शेवटी जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, काढायची असते. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस इतकी हलकी फिरवायची की डोळ्याला फरक दिसत नाही, कानाला कळतो. एक घासा जास्त झाला की आवाज मेला. आमच्या अब्बांनी मला चौदा वर्षं जवारीला हात लावू दिला नाही.

मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची मजार आहे, उरुसात तिथं गायला मोठमोठे कलाकार येतात, पुढं बसून ऐकणाऱ्यांत कोण कुठल्या धर्माचा हे बघत पण नाही कुणी. आम्ही बनवलेला तंबोरा देवळातल्या भजनात पण वाजतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा टॅग, मिळाला तेव्हा पहिला पेढा आमच्या शेजारच्या जोशीकाकूंनी आणला. काकूंना देशातलं काय आवडतं म्हणून विचारलं तर काय सांगतील माहीत नाही, मी काकूंचं नाव सांगेन.

आणि २००९ चा सप्टेंबर पण याच मिरजेत झाला. दंगल, मग कर्फ्यू. दुकानाचं शटर आतून लावून आम्ही बसलो होतो, अंधारात, आणि बाहेर ज्यांचे आवाज येत होते त्यातले काही ओळखीचे होते. दोन्ही बाजूंचे ओळखीचे होते. दोन महिने माझ्या हातून जवारी निघेना. कान होते, पण मन लागत नव्हतं. काकू कर्फ्यू सुटल्या सुटल्या दूध घेऊन आल्या आणि काही न बोलता भिंतीला टेकून बसल्या. ती भीती मला या देशातली सगळ्यात नकोशी वाटते, की एका रात्रीत ओळखीचा आवाज परका होतो.


कृष्णाकाठची_लेक

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, मी ड्यूटी संपल्यावर स्टेशनच्या बाकावर बसून वाचलं आणि माझी ट्रेन गेली. अंगणवाडीच्या ताई, तुमच्या त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. मिरजेच्या दादांच्या जवारीचं मी नक्की सांगणार आहे इथल्यांना, जर्मनमध्ये कसं सांगायचं ते शोधते.

एक विचारायचं होतं, हरिपूर रोडवाले दादा आहात का? आयर्विनची पातळी किती आहे आत्ता? आईचा फोन सकाळपासून लागत नाहीये, तिकडं लाइट गेली असेल तर चार्जिंग संपलं असेल.


हरिपूर_रोड

हाय की. संध्याकाळी ३१ फूट होतं, कोयनेतनं विसर्ग कमी केलाय, काळजी करू नका. लाइट दुपारपासनं नाही आमच्याकडं पण. पत्ता इथं टाकू नका, मला मेसेज करा. जेवण झालंय, गाडी काढतो आणि आत्ताच आईंना बघून येतो, माझ्या फोनवरनं बोलायला लावतो त्यांना.


कृष्णाकाठची_लेक

केलाय मेसेज. दारात जास्वंद आहे आणि गेट जरा वर उचलून उघडावं लागतं.